शेवटच्या ओळीविषयी सूचना

डुलूथ, ६ एप्रिल २०२०

ती. लेम्पीताईस,
मार्लिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तुझ्या हुकमाप्रमाणे पाकीट एक अख्खा दिवस गच्चीत उन्हाला ठेवलं आणि मगच उघडलं. विषाणू मेला की नाही कोण जाणे, तुझी निळी शाई मात्र निम्मी उडाली. दुसऱ्या पानावर तू मला काय बोललीस ते वाचता आलं नाही. बरंच झालं म्हणायचं.

मी ठीक आहे. आठवड्यातून एकदा सकाळी म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या वेळात दुकानात जाते. मागच्या खेपेला यीस्टची शेवटची पुडी माझ्या हाती लागली, तर एका बाईने असं पाहिलं की मी तिच्या गळ्यातली साखळीच खेचली असावी. बाकी दिवसभर खिडकीतून सरोवर बघायचं आणि आमचं मंडळ सांभाळायचं.

मंडळाचं तू विचारलंस. वाचनालयाला टाळं लागल्यापासून आमचं ‘ओली शाई’ मंडळ इंटरनेटवर भरतं. एकोणीस जण आहोत. एकाने कविता टाकायची, बाकीच्यांनी खाली अभिप्राय लिहायचे. मोठा कवी आमच्यात कुणी नाही, पण घरात कोंडलेल्या माणसाला रोज कुणीतरी ‘वा’ म्हणणं हे औषधाहून कमी नाही. प्रमुख मी. म्हणजे वाद मिटवायचे आणि नको ते अभिप्राय पुसायचे. चाळीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात पोरांना गप्प बसवण्यात गेली, ती विद्या उपयोगी पडते.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. वेंडेल म्हणून एक निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांनी कविता टाकली, की माझी प्रिया गेली, तिच्या उशीवरचा खळगा अजून तसाच आहे. पुलापलीकडच्या गावातली डेल्फिन नावाची बाई घाबरून विचारती झाली की हे खरं आहे का हो, कधी गेल्या? झालं. सगळ्यांनी गळे काढले. दोघांनी फुलं पाठवली. दार उघडून ती फुलं घेतली कुणी, तर वेंडेलच्या बायकोने, हातात पॅनकेकचं उलथणं घेऊन. चार दिवस तिने नवऱ्याशी अबोला धरला होता म्हणे.

तेव्हा मी नियम केला आणि पानाच्या माथ्यावर ठळक लिहिला. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे. खरं आहे का, असं कुणी कधी विचारायचं नाही; विचारलं तर पुसलं जाईल. दुसरा नियम असा, की आधी तीन गोष्टींचं कौतुक करायचं आणि मग एकच सूचना करायची. तेव्हापासून सगळं सुरळीत आहे.

आता तुझ्या ओन्नीविषयी. ‘तुझा’ म्हटलं म्हणून पत्र फाडू नकोस. खाणीत जन्म घालवलेला, दिवसाला सहा शब्द बोलणारा हा माणूस खताच्या दुकानातल्या कॅलेंडरांमागे कविता खरडतो, हे तू सांगितलंस आणि मी त्याला माझी जुनी टॅब्लेट पाठवली. त्याचा गोंधळ उडू नये म्हणून त्यातलं सगळं काढून टाकलं आणि एकच बटण ठेवलं. दाबलं की थेट आमचं मंडळ. बोटं वाकडी झाल्यामुळे त्याला टंकता येत नाही, म्हणून तो तोंडाने सांगतो आणि यंत्र लिहून घेतं. त्याच्या कविता सगळ्यांना फार आवडतात. ओळी इतक्या छोट्या, इतक्या नेमक्या, की वेंडेल त्यावर पानभर लिहितात. परवा मी ओन्नीला विचारलं की ओळ कुठे तोडायची हे तुम्ही कसं ठरवता? तो म्हणाला, आपण काही ठरवत नाही. खाणीच्या धुळीने छाती गेलेली, दम खायला थांबलो की यंत्र ओळ तोडतं. हे मी मंडळात कुणाला सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याने तळ्याच्या तळाशी बुडालेली होडी होऊन कविता केली. त्याआधी वणव्यात जळालेलं झाड होऊन. माणूस म्हणून कधी बोलणार, देव जाणे.

पुल्ला पाव केलास तर वेलदोडे जरा हात सैल सोडून घाल. लोभ आहे तो असू दे. वाढवलास तर मी नाही म्हणणार नाही.

तुझी,
मार्लिस

०

ईली, ११ एप्रिल

चि. मार्लिसला,
लेम्पीचे अ. उ. आ.

पाकीट काल दिवसभर व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं होतं, आज उघडलं. तू हसतेस, पण माझ्या दम्याला तो विषाणू लागला तर तुला फोन करायची वेळ येईल, आणि आपल्या घरात फोन कधी करतात ते तुला माहीत आहे. आई गेली तेव्हा एकदा, माझा रूबेन गेला तेव्हा एकदा. तेव्हा माझ्या घंटेची वाट बघू नकोस.

तळं अजून गोठलेलं आहे, पण बर्फ काळा पडलाय. आता कुणी त्यावर पाय ठेवत नाही. पलीकडे ओन्नीचं घर दिसतं. दर शनिवारी तो वाफेच्या न्हाणीसाठी सौना पेटवतो. पन्नास वर्षं झाली, दुपारी तीनला धूर निघतो आणि मला कळतं की बाबा जिवंत आहे. रूबेन होता तोवर आम्ही दोघं जायचो, मग मी एकटी. आधी बायकांची वेळ, मग त्याची, मग कॉफी. आता मी त्याला रस्त्यावरून ओरडून सांगितलंय की आजार संपेपर्यंत मी येणार नाही आणि तूही इकडे फिरकायचं नाही. त्याने मान हलवली आणि आत गेला. रुसलाय. ओन्नी रुसला हे ओळखायला साठ वर्षांची ओळख लागते, कारण एरवीही तो तसाच दिसतो.

तुमच्या मंडळाचं मला काही समजलं नाही. कुणी लिहिलं की माझी बायको गेली, तर खरं आहे का विचारणं हा गुन्हा कसा? मी त्या डेल्फिनच्या जागी असते तर मीही विचारलं असतं. पण तुम्ही शिकलेली माणसं.

आणि १९५९ च्या नाचाचा विषय तू पत्रात काढला नाहीस, पण ‘तुझा ओन्नी’ लिहिताना तो तुझ्या लेखणीच्या टोकावर होता. गेले त्याच्याबरोबर आणि परत आले रूबेनबरोबर, त्यात माझा काय दोष? ओन्नी अख्खा वेळ भिंतीला टेकून उभा होता. नाचतेस का, एवढं विचारायला त्याला तोंड नव्हतं.

उद्या ईस्टर. एकटीच्या मापाचं हॅम दुकानात मिळत नाही, म्हणून मासा करणार. तब्येत जप. माया आहेच, कागदावर किती सांडायची.

लेम्पी

०

डुलूथ, १८ एप्रिल, शनिवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज नेहमीसारखी हवापाण्याची चौकशी करत बसत नाही. तुला ताजी बातमी सांगायची आहे, आणि टपालपेटी दुपारी उघडण्याआधी हे पाकीट तीत पडायला हवं. ओन्नीने काल दुपारी कविता टाकली आणि आमचं मंडळ अक्षरशः हललं. मी ती तुझ्यासाठी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली आहे. का, ते शेवटी कळेल.

स्वयंपाकघराची जमीन
इतक्या जवळून
कधी बघितली नव्हती
स्टोव्हखाली एक बटाटा
मागच्या वर्षीचा
पाय माझाच
पण ऐकत नाही
मुस्तीचं पाणी
आम्ही दोघं पितो
भिंतीवरचा फोन
चंद्राएवढा उंच
लेम्पीला सांगा

वाचलंस? शेवटी एकदाचा माणूस होऊन बोलला. तासाभरात सतरा अभिप्राय आले, इतके आजवर कुणाला मिळाले नाहीत. वेंडेल लिहितात की मागच्या वर्षीचा बटाटा म्हणजे या साथीच्या आधीचं आपलं आयुष्य, हाताशी आहे पण हाती येत नाही. कुणी ‘ऐकत नाही’वर फिदा. मुस्ती कोण यावर तर संध्याकाळपर्यंत चर्चा चालली. एकीचं मत पडलं की ही फिनलंडच्या जुन्या कथांमधली पाताळनदीची देवी असावी, आणि मेलेली माणसं तिचं पाणी पितात. मी फिनिश घरातली म्हणून मला विचारलं. मला कुठे माहीत, आपल्या घरात आई फिनिश बोलायची ती फक्त आपल्यापासून काही लपवायचं असलं की. मी आपलं लिहिलं, शक्य आहे.

डेल्फिनने मात्र पुन्हा तेच केलं. खाली लिहिलं, हे खरं आहे का हो? मी लगेच पुसून टाकलं. एकदा फजिती झाली तरी बाईला अक्कल येत नाही. तिला खासगीत जरा कडक शब्दांत समजही दिली.

सूचना मी केली. नियमाप्रमाणे आधी तीनदा कौतुक केलं, मग लिहिलं की शेवटची ओळ काढावी. ‘चंद्राएवढा उंच’वर कविता खरी संपते. पुढचं नाव वाचकाला परकं आहे, आणि शेवटी असं कुणाला हाक मारल्यासारखं केलं की कविता हात पसरते, तिचा तोल जातो. नऊ जणांनी मला दुजोरा दिला. ओन्नी रात्रभर गप्प. आज सकाळी त्याने फक्त एक शब्द पाठवला: ‘खरंच.’ आम्ही आधी गोंधळलो, मग वेंडेलच्या लक्षात आलं की कवितेला शीर्षक नव्हतं, ते त्याने पाठवलं. काय शीर्षक आहे, ताई. मी स्वतः ते कवितेच्या माथ्यावर बसवलं.

तर मंडळासाठी मी ती ओळ काढायला सांगितली, पण तुझ्यापासून कशी लपवू? एकसष्ट वर्षं भिंतीला टेकून उभा राहिलेला माणूस एकोणीस जणांसमोर तुझं नाव घेतो, आणि तुला त्याचा पत्ताही नाही. म्हणून हा उपद्व्याप. लाजलीस तर मला तसं लिहून कळव, मी पत्र चौकटीत लावीन.

लोभाचं काय सांगू, आज तो तिकडे तळ्यापलीकडे वाढलेला दिसतोय.

तुझी चोंबडी,
मार्लिस

०

ईली, १९ एप्रिल, रविवार

चि. मार्लिसला अ. उ. आ.

तुझं पत्र आलेलं नाही, पण मी तुझ्यासारखी पाळीपाळीने लिहीत नाही.

काल शनिवार असून ओन्नीचा धूर निघाला नाही. तीन वाजले, चार वाजले, चिमणी कोरडी. मी येणार नाही म्हणून यानेही पेटवायचं नाही, हा कुठला न्याय? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी असले रुसवे. मला राग आला, पण पुल्ला भाजलेला होता. गाडी काढली, वळसा घालून त्याच्या फाटकाशी गेले, पाव कापडात गुंडाळून त्याच्या टपालपेटीत ठेवला आणि दोनदा हॉर्न वाजवला. आला नाही. पडदासुद्धा हलला नाही. आतून ती मुस्ती तेवढी भुंकत होती. मुस्ती म्हणजे त्याची नवी कुत्री, गेल्या महिन्यात रस्त्यावर सापडली, काळीकुट्ट आणि मरतुकडी. मालक बोलत नाही ते सगळं ती बोलते. पाच मिनिटं थांबले आणि निघून आले. आपण होऊन धूर काढेपर्यंत मी काही जाणार नाही.

तुझ्याकडे यीस्ट असेल तर पुडीभर पाठव. बाकी क्षेम. लोभ कमी पडला तर कळव, पाव पाठवीन.

लेम्पी

०

डुलूथ, २२ एप्रिल, बुधवार

मार्लिस,

वर डुलूथ लिहिलंय ते चुकून नाही. मी तुझ्या घरापासून बारा गल्ल्यांवर, इस्पितळाच्या वाहनतळावर गाडीत बसले आहे. काल संध्याकाळपासून. आत कुणालाही सोडत नाहीत. तुझ्याकडे येणार नाही. आजाराचं कारण आहेच, पण ते खरं कारण नाही.

तुझं पत्र सोमवारी आलं. ते मी व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं. चोवीस तास ते तिथे ऊन खात पडलं होतं आणि मी त्याच्या शेजारी बसून बटाटे सोलत होते. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं सगळं मी तुझ्याच माथी मारते असं तुला वाटू नये.

काल दुपारी उघडलं. उभ्यानेच वाचलं. मुस्तीचं नाव आलं तेव्हा हसलेसुद्धा, की याच्या कवितेत कुत्री आली. मग ‘आम्ही दोघं पितो’ वाचलं आणि गाडीची किल्ली उचलली. त्याच्या घरात कुत्रीचं भांडं स्टोव्हच्या बाजूला जमिनीवर असतं. फोन भिंतीवर आहे, दाराच्या उंचीवर, कारण उंच माणसाने बसवला. कविता कुठे आहे यात? हे त्याचं स्वयंपाकघर आहे. मी तिथे पन्नास वर्षं कॉफी प्यायलेय.

दार आतून लावलेलं होतं. खिडकी फोडली. कशी आत गेले ते मला विचारू नकोस. तो मेज आणि स्टोव्हच्या मधे पडला होता. मेजावरचं कापड ओढून त्याने तुझी ती टॅब्लेट खाली घेतली होती, ती त्याच्या पोटावर, काळी पडलेली. कुत्रीचं भांडं कोरडं. ती त्याच्या पाठीला चिकटून झोपली होती, बहुतेक त्या उबेनेच तो जिवंत राहिला. ओठ फुटलेले. डोळे उघडे होते, पण मी कोण हे त्याला कळलं की नाही सांगता येत नाही. स्टोव्हखाली बटाटा होता, मार्लिस. मी तो बघितला. मागच्या वर्षीचाच असेल.

गुरुवारी संध्याकाळी पडला असावा, असं रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या माणसांनी सांगितलं. खुबा मोडलाय. त्याहून मूत्रपिंडांची भीती आहे. म्हणजे शुक्रवारी त्याने तुम्हाला सांगितलं तेव्हा तो एक दिवस तिथे होता. शनिवारी मी फाटकाशी उभी राहून हॉर्न वाजवला तेव्हा दोन दिवस. मी दोनशे पावलांवर होते. पाव टपालपेटीत तसाच आहे, दगड झालाय.

लोकांना हे कविता वाटलं, कारण त्यात मदत हा शब्द नव्हता. अगं, त्यात मदत हा शब्द असता तरच मी म्हटलं असतं की हे बनावट आहे. ओन्नी तो शब्द बोलणारा माणूस नाही. त्याने आजूबाजूला जे दिसलं ते सांगितलं आणि ज्याला सांगायचं त्याचं नाव घेतलं. याहून साफ कसं बोलतात? आणि तू तीच ओळ काढायला सांगितलीस.

नियमाने कौतुकही केलंस ना आधी. तीनदा.

त्या डेल्फिनबाईंना माझा नमस्कार सांग. तुमच्या एकोणीस जणांत शहाणी तेवढी एकच आहे.

फोन केला नाही, कारण आपल्याकडे घंटा वाजली की माणूस गेलेला असतो, आणि तो गेलाय की आहे हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

लेम्पी

०

डुलूथ, २४ एप्रिल

ती. लेम्पीताई,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

बुधवारी सकाळी तुझं पावाचं आणि हॉर्नचं पत्र आलं. मी ते उन्हात ठेवलं नाही, दारातच फाडलं, का कोण जाणे. धुराचं वाचलं तेव्हा नुसतंच चुकल्यासारखं झालं. मग ‘मुस्ती म्हणजे त्याची नवी कुत्री’ या ओळीवर आले आणि उंबऱ्यावर बसले. तशीच बसून राहिले. माझ्या डोक्यात एकच आवाज येत होता, की मी ‘शक्य आहे’ असं लिहिलं. पाताळाची देवी असणं शक्य आहे, असं मी लिहिलं.

आयुष्यात पहिल्यांदा मयतीशिवाय तुझा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. तू तेव्हा बारा गल्ल्यांवर होतीस, आणि मी रिकाम्या घरात घंटा वाजवत होते. मग ईलीच्या पोलिसांना फोन केला. त्या मुलीने नाव विचारलं आणि म्हणाली की त्यांना काल नेलं. कुठे नेलं, ते तिला सांगता येत नव्हतं. काल तुझं पत्र येईपर्यंत मला वाटत होतं की प्रेतच नेलं.

तू जे लिहिलंस त्यात एक अक्षर जास्त नाही. मी जन्मभर पोरांना सांगत आले की नीट वाचा, शब्द न् शब्द वाचा. आणि मी त्या बारा ओळी निदान तीस वेळा वाचल्या असतील, उतरवून घेतल्या, त्यांचं वजन केलं, तोल बघितला. एकदाही मनात आलं नाही की माणूस जमिनीवर पडलाय. डेल्फिनच्या एका वाचनात ते आलं आणि मी तिचा प्रश्न पुसला. वर तिला दटावलं. पुसलेलं परत आणता येतं का ते शोधलं, येत नाही.

मंडळात मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. बटाटा खरा, देवी कुत्री, शीर्षक शीर्षक नव्हतं. वेंडेलनी आपला पानभराचा अभिप्राय काढून टाकू का असं विचारलं, मी म्हटलं राहू द्या, आपल्याला दिसत राहिला पाहिजे. संध्याकाळी डेल्फिनने लिहिलं. ती मला चार शब्द सुनावेल म्हणून मी वाट बघत होते. तिने एवढंच विचारलं की आता कसे आहेत? माथ्यावरचा माझा नियम मी काढून टाकला. नवीन काही लिहिलेलं नाही.

इस्पितळात रोज दोनदा फोन करते. नातेवाईक नाही म्हणून सांगत नाहीत. आज एका परिचारिकेला मी विचारलं की नुसतं आहे की नाही एवढं सांगाल का? ती म्हणाली की आज त्यांनी चमचाभर पाणी घेतलं. मी फोन ठेवून मोठ्याने रडले.

माझ्यावर लोभ ठेव असं मागायला तोंड नाही. तू जेवतेस की नाही एवढं कळव. तुझी गाडी अजून त्या वाहनतळावर असेल, तर मी गाडीच्या दाराशी डबा ठेवून लांब उभी राहीन, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

मार्लिस

०

डुलूथ, ९ मे २०२०

श्रीमती मार्लिसबाई यांना,
ओन्नी हाकाला याचा स. न. वि. वि.

हे पत्र मी सांगतो आहे आणि इथली परिचारिका लिहिते आहे. तिला सांगितलंय की मी दम खायला थांबलो तर ओळ तोडू नका.

खुब्यात खिळा घातला. मूत्रपिंडं निम्मी चालतात, तेवढी पुरतील म्हणतात. मुस्ती लेम्पीकडे आहे. लेम्पी रोज वाहनतळावर येते आणि खालून दोनदा हॉर्न वाजवते. परिचारिका माझी खाट खिडकीशी नेते.

तुमची तीन पत्रं मिळाली. तीनही पत्रांत तुम्ही माफी मागता. थोडं सांगायचं आहे. मी खाणीत दोनदा दबलो, तेव्हाही मदत म्हणून ओरडलो नाही. सवय नाही. दिसत होतं ते सांगितलं. मग तुम्हा लोकांचे अभिप्राय येऊ लागले. मला वाचून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. एवढं कुणी कधी म्हटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत पाय विसरलो होतो. नंतर आठवला.

डेल्फिनबाईंनी विचारलेलं मी पाहिलं. हो म्हणायला श्वास घेत होतो, तेवढ्यात ते नाहीसं झालं. वाटलं, यंत्र बिघडलं. सकाळी त्यांना उत्तर दिलं. ‘खरंच’ ते उत्तर होतं. पुढे आणखी सांगणार होतो, पण पडदा काळा झाला.

शनिवारी हॉर्न ऐकला. म्हटलं, पाव आला.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. विचारलंत म्हणून लिहितो. तुम्ही ती ओळ उतरवून घेतली नसती, तर आज हे पत्र नसतं. तुम्ही चेष्टेने उतरवलीत, असं लेम्पी म्हणते. चालेल.

सोमवारी मला बाहेर सोडतील. जिना चढायचा नाही आणि एकटं राहायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात. लेम्पीच्या घराला जिना नाही. तिने विचारलं. मीच विचारणार होतो, पण दम खात होतो.

मंडळातल्या सर्वांना नमस्कार. तुमचा लोभ असावा, पण थोडा प्रश्न विचारणारा असावा.

आपला,
ओन्नी

ता. क. सूचनेवर विचार केला. शेवटची ओळ काढत नाही.